आज्याचं बाजलं आणि अण्णांची पाइपाची खुर्ची

बाराखांबी:

मागच्या महिन्यात अंबाजोगाईला घरी गेलो होतो. वाड्याचा मागचा सोपा पाडायचं ठरलंय, त्यामुळं सामान उपसायचं काम चालू होतं. भंगारवाला दारात उभा होता आणि त्याच्या हातगाड्यावर दोन वस्तू आधीच चढल्या होत्या. एक आज्याचं बाजलं, दोरी तुटून लोंबायला लागलेलं. दुसरी अण्णांची लोखंडी पाइपाची खुर्ची, बैठकीची वायर मधोमध फाटलेली. बाजलं जळणात जाणार होतं, खुर्ची किलोवर. मी दोन्ही उतरवून घेतल्या. आई म्हणाली, "पुण्यात फर्निचरचं काम करतोस, आन् हे भंगार घरात ठेवायलास?" तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही. इथं सांगून बघतो.

आधी खुर्ची. तिला मागचे पाय नाहीत. पाइप पाठीपासून खाली येतो, बैठकीची कड धरून पुढं जातो, पुढं जमिनीपर्यंत उतरतो, जमिनीवरून मागं वळतो आणि दुसऱ्या बाजूनं तसाच वर चढतो. लहानपणी मला तिच्यावर बसायची भीती वाटायची, कारण बसलं की ती जराशी खाली दबायची. अण्णा नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी एका दवाखान्यात अशी खुर्ची पाहिली, सुतळीनं मापं घेतली आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून तशीच वाकवून घेतली.

ही खुर्ची कुठून आली ते मला कॉलेजात कळलं. जर्मनीत 1919 साली वायमारला वॉल्टर ग्रोपियसनं बाउहाउस नावाची शाळा काढली. 1925 ला ती डेसाऊला गेली, शेवटी बर्लिनला, आणि 1933 ला नाझी राजवटीत बंद पडली. उणीपुरी 14 वर्षं. तिथल्या सुतारकामाच्या शाळेत मार्सेल ब्रॉयर नावाचा तरुण होता. त्यानं सायकल घेतली होती. हँडलचा पाइप इतका वाकूनही मोडत नाही, मग खुर्ची लाकडाचीच कशाला, असं त्याच्या मनात आलं. 1925 मध्ये त्यानं पाइपाची पहिली खुर्ची केली, तेव्हा तो 23 वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी मार्ट स्टाम या डच वास्तुकारानं गॅसचे पाइप जोडून मागचे पाय नसलेली खुर्ची केली. ती दबत नव्हती, ताठ होती. एकसलग वाकवलेल्या पाइपाला जी लवचीक दब येते ती मीस फान डेर रोह या जर्मन वास्तुकाराच्या 1927 च्या आणि ब्रॉयरच्या 1928 च्या खुर्चीत आली. ब्रॉयरनं बैठकीला वेत विणला. जर्मनी, हॉलंड इथल्या लोकांनी ज्या रेषेसाठी डोकं घातलं, तीच रेषा अंबाजोगाईच्या दुकानात एका माणसानं पाइपात वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, शेगडीवर तापवून वाकवली. वाळू कशासाठी, तर वळणावर पाइप चेपू नये म्हणून. त्या माणसानं ब्रॉयरचं नाव ऐकलेलं नव्हतं.

आता बाजलं. बाउहाउससारख्या आधुनिकतावादी मंडळींचं म्हणणं थोडक्यात असं होतं: वस्तूनं आपल्या कामातून आकार घ्यावा, माल जसा आहे तसाच दिसावा, उगाच नक्षी चढवू नये, आणि ती इतकी सोपी असावी की सामान्य घराला परवडेल. चार पाय, चार दांड्या आणि अंबाडीची दोरी यात यातलं काय नाही? उन्हाळ्यात माळवदावर नेता येतं, पावसात भिंतीला उभं लावता येतं, आजारी माणसाला चौघं त्यावरून दवाखान्यात नेऊ शकतात. भुईमूग वाळवा, पापड घाला, बाळंतिणीला शेक द्या. दोरीतून खालून वारा खेळतो म्हणून मे महिन्यात गादीपेक्षा त्यावर झोप लागते.

1958 साली भारत सरकारनं चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याला बोलावलं होतं. त्यांच्या 'इंडिया रिपोर्ट'मुळं 1961 ला अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. प्लायवुड आणि फायबरग्लासच्या खुर्च्यांनी जगभर नाव झालेली ती माणसं भारतभर फिरली आणि सगळ्यात जास्त कशावर लिहिलं, तर लोट्यावर. आपला तांब्या. किती पाणी मावतं, भरल्यावर नि रिकामा असताना तोल कसा राहतो, कडेवर कसा बसतो, तळहाताला कसा लागतो, ओतताना धार कशी पडते, आवाज कसा येतो, आणि शेवटी निकामी झाल्यावर धातूचे किती पैसे येतात. हा शेवटचा मुद्दा वाचला तेव्हा मी थबकलो, कारण आपल्याकडं त्याला एकाच शब्दात 'मोड' म्हणतात. भांडं विकत घेतानाच आजी विचारायची, मोड किती येईल. वस्तूच्या शेवटाचा विचार तिच्या जन्माच्या वेळीच करणारी ही भाषा आहे.

माझं म्हणणं असं की आधुनिक रचना मराठवाड्यात पुस्तकातून किंवा शोरूममधून आली नाही, ती गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून आली, आणि आली तेव्हा तिला इथं बाजल्यासारखी भावंडं आधीच भेटली. तुमच्या घरातल्या वस्तूंबद्दल लिहा. कुठली राहिली, कुठली गेली, आणि का.

रंधा:

बाराखांबी दादा, बाजल्याबद्दल एक राहिलं. माझा बाप निलंगा तालुक्यात सुतार होता, आज्याला तर बलुतं होतं, म्हणून लिहायलोय.

बाजल्याला खिळा नसतो, गोंदही नसतो. पायाला भोक, दांडीचं टोक वाकसानं तासून त्यात ठोकायचं. एवढ्यावर ते खिळखिळंच राहतं. दोरी विणून ताणली की तोच ताण चारही दांड्यांना आत ओढतो आणि सांधे आवळून धरतो. म्हणजे दोरी नुसती झोपायला नाही, ती बाजल्याला उभंही करते. पायाकडं जी मोकळी दोरी ओढलेली असते ती त्यासाठीच. बाजलं झोळ झालं की ती आवळायची, पाच मिनिटांचं काम, लेकरूही करतं.

पाय बाभळीचे. बाभूळ वाकडी येते पण जड नि चिवट. तिफण, गाडीचे भाग, सगळं तिचंच. सागवान आमच्या भागात वाड्यांना नि देवळांना.

पुढं काय झालं ते पण सांगतो. नव्वदच्या आसपास बापाच्या हातात प्लायवुड नि सनमायका आला. रंधा कोपऱ्यात गेला. लोक म्हणायचे, लाकडाच्या डिझाइनचा सनमायका लाव. खाली भुश्याचा बोर्ड, वर लाकडाचं चित्र. बाप एकदा म्हणाला होता, "हे लाकूड नाही, लाकडाचा फोटो हाय." तुम्ही ईम्सचं लिहिलंय म्हणून पाहिलं, त्यांच्या प्लायवुडच्या 1945 च्या खुर्चीत थरांची कड उघडी ठेवलेली दिसते. वाकवलेला प्लाय आहे, तर वाकवलेला प्लायच दिसू दे. आमच्याकडं तीच कड लपवायला पट्टी चिकटवतात, ती पावसाळ्यात फुगते नि सुटते. आधुनिक दिसायच्या नादात आपण त्यातला खरेपणाच टाकून दिला.

माजलगाववाला:

वाचायलोय. आमच्याकडं घडवंची अजून आहे, तीन माठांची. फोटो टाकतो उद्या.

उतरंड:

धागा आवडला, पण खुर्च्या नि बाजल्यात घराचा अर्धाच भाग येतो. मी सेलूची. स्वयंपाकघराबद्दल लिहिते.

1926 मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईनं फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जवळपास 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. बाईला ओट्यापासून मोरीपर्यंत किती पावलं चालावं लागतात ते घड्याळ लावून मोजलं आणि त्याप्रमाणं सगळं हाताच्या अंतरावर आणलं. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बसवली गेली. आजचं आपलं ट्रॉलीवालं 'मॉड्युलर किचन' तिचंच नातवंड आहे. पण मला त्यातली सगळ्यात जवळची वाटली ती गोष्ट वेगळी. डाळी-तांदळाला तिनं ॲल्युमिनियमचे कप्पे दिले, पण पिठाचा कप्पा मुद्दाम ओक लाकडाचा केला, कारण त्या लाकडातल्या तुरटपणानं पिठात किडे होत नाहीत. माझी आजी ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालायची. दोघींची कधी भेट झाली नसती, पण झाली असती तर पहिलं बोलणं धान्यावरच झालं असतं.

आता दुसरी बाजू. आमच्या घरी ओटा 1989 ला आला. त्याआधी चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, परात जमिनीवर. विळी ही माझ्या मते आपल्या घरातली सगळ्यात हुशार वस्तू आहे. पाट पायानं दाबून धरलेला, दोन्ही हात मोकळे, एका हातानं भाजी ढकलायची नि दुसऱ्यानं धरायची, टोकाला नारळ खवायची सोय. ओटा आला आणि विळी उभ्या बाईच्या उपयोगाची राहिली नाही. आईच्या गुडघ्यांना आराम पडला, हे खरं आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. धुरातून सुटका झाली ती वेगळीच. पण ओट्याची उंची गवंड्यानं स्वतःच्या कमरेच्या मापानं ठेवली. आई चार फूट दहा इंच. पस्तीस वर्षं तिनं खांदे वर उचलून पोळ्या लाटल्या, आज तिचा उजवा खांदा उठत नाही. फ्रँकफुर्टच्या बाईनं पावलं मोजली होती. आमच्याकडं ओट्याचा आकार आला, मोजणारं कुणी आलं नाही. आधुनिक वस्तूची नक्कल करणं सोपं, तिच्यामागची मोजमाप करायची सवय उचलणं अवघड, असं मला वाटतं.

घर बांधणाऱ्यांना एकच विनंती. ओटा घालायच्या आधी घरातल्या बाईला उभं करा, कोपर वाकवायला सांगा, आणि कोपराच्या तीन-चार इंच खाली रेघ मारा. गवंडी कुरकुर करेल. करू द्या.

रंधा:

उतरंड ताई, हे वाचून आत्ता आईला हाक मारली नि कोपराखाली रेघ मारली. आमचा ओटा अडीच इंच उंच निघाला. खाली फळी ठेवून उभं राहायची सोय उद्याच करतो.

बीदरवेस:

मी उदगीरचा. थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका.

आधुनिकतावादाचा आपण इतका गौरव करतोय, पण त्याच घराण्यात वियेनाचा वास्तुकार आडोल्फ लोस याचा 'अलंकार आणि गुन्हा' हा निबंधही येतो. त्याचं म्हणणं, नक्षी म्हणजे वाया गेलेली मेहनत, वाया गेलेला माल. आमच्याकडून बीदर जवळ. बिदरी कामात जस्ताच्या मिश्रधातूवर खोदून चांदीची तार बसवतात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात तापवलं की धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच चमकत राहते. निजामाच्या राज्यात मराठवाडा आणि बीदर एकाच छताखाली होते, त्यामुळं आमच्या घरी पानदान बिदरीचं, अत्तरदाणी बिदरीची. त्या पानदानावरून चांदी काढून टाकली तर काय उरतं? काळा डबा. तिथं नक्षी वर चिकटवलेली नसते. काळं आणि पांढरं यांच्या फरकासाठीच तो धातू निवडलेला असतो.

लोसनं वियेनातल्या खोट्या सजावटीवर राग काढला, तो त्याच्या जागी बरोबर असेल. पण कारागिराला नक्षीचे पैसे कमी मिळतात म्हणून नक्षीच बंद करा, हे मला पटत नाही. पैसे वाढवा. नक्षी गेली तेव्हा कारागीर कारखान्यात चांगल्या पगारावर गेला नाही, तो मजुरीला गेला.

आणि साधी रेषा स्वस्त असते हा पण समज आहे. बाउहाउसच्या खुर्च्या त्या काळच्या कामगाराला परवडत नव्हत्या. खरंच परवडणारी खुर्ची त्याच्या कितीतरी आधी, 1859 ला मिखाएल थोनेटनं केली होती. वाफेवर वाकवलेलं बीच लाकूड, सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलात वाकवलेल्या लाकडाच्या ज्या खुर्च्या दिसतात, त्या त्याच कुळातल्या. आणि तिला सुंदर गोल वळणं होती.

बाराखांबी:

बीदरवेस काका, राग कसला. कामगाराला न परवडण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मी मूळ लेखात ते टाळायला नको होतं. बिदरीबद्दलही पटलं. माझा आक्षेप वरून चढवलेल्या नक्षीला आहे, उदाहरणार्थ आजकालच्या सोफ्यावर सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं कोरलेले मोर. बिदरीत मालाची आणि नक्षीची फारकत करताच येत नाही.

श्रीमंती आणि आधुनिक रचना यांचा सगळ्यात मोठा नमुना तर मराठी घराण्यातलाच आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकर दुसरे यांनी तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून आतून-बाहेरून नवा करून घेतला. दिवे बसवलेल्या लाल खुर्च्या, आयलीन ग्रेची आरामखुर्ची, काच आणि धातूचे पलंग. ज्या अहिल्याबाईंनी वेरूळचं घृष्णेश्वर पुन्हा उभं केलं, त्यांच्याच गादीवरचा राजा. ते सामान 1980 ला मोनाकोत लिलावात गेलं आणि जगभर विखुरलं. महालात आता सरकारी कचेरी आहे.

हिमरू:

औरंगाबादहून. (नाव बदललं, जिभेवर अजून तेच येतं.) बीदरवेस काकांना जोडून थोडंसं.

बाउहाउसमध्ये मुलींना बहुतेक करून विणकामाच्या विभागातच पाठवत, सुतारकाम-धातुकामात घ्यायला शिक्षक नाखूष असत. पण त्या विभागानं शाळेचं नाव राखलं. गुंटा श्ट्योल्त्स्ल तिथली प्रमुख झाली. ॲनी आल्बर्सनं 1930 च्या सुमारास बेर्नाऊच्या एका सभागृहासाठी कापड विणलं, एका बाजूनं आवाज शोषणारं नि दुसऱ्या बाजूनं प्रकाश परतवणारं, सेलोफेन घालून. आणि ब्रॉयरच्या पाइपाच्या खुर्चीवर जे कापड ताणलेलं होतं ते मेण चढवलेल्या सुती धाग्याचं, तेही त्याच विभागात सुधारलं गेलं. खुर्चीला ब्रॉयरचं नाव लागलं, विणणाऱ्या मुलीचं क्वचितच कुणी घेतं.

आमच्या हिमरू कापडातही तसंच. सुती जमीन, त्यावर रेशमाची बुट्टी, शेरवानीपासून शालीपर्यंत. आकडे मोजून धागा उचलायचं काम करणाऱ्याचं नाव कधी कापडावर आलं नाही. विणकामाला डिझाइन म्हणत नाहीत, हस्तकला म्हणतात, आणि तिथूनच भाव पडतो.

लामजनापाटी:

मी किल्लारीच्या बाजूचा. 30 सप्टेंबर 1993 ला मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे चारच्या आत सगळं झालं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं घर दगड-मातीचं, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर माळवद. त्या मातीच्या छताचं वजनच माणसांवर आलं.

ते घर परत हवं असं मी कधीच म्हणणार नाही. पण या धाग्यावर एक गोष्ट नोंदवायची आहे, जी मला घर बांधायला घेतल्यावर कळली. जुन्या घरात आमच्याकडं फर्निचर जवळजवळ नव्हतंच, कारण ते भिंतीत होतं. दिव्याला देवळी, पोथीला कोनाडा, दुधा-तुपाला फडताळ, कपड्याला खुंटी, धान्याला बळद. भिंत दोन फूट जाड असल्यामुळं तिच्या पोटातच घर मावायचं. पुनर्वसनात मिळालेलं घर मजबूत होतं, सरळ रांगेत, पण भिंत सहा-नऊ इंचांची. पहिल्या आठवड्यात आई हातात रॉकेलची चिमणी घेऊन उभी होती, ठेवायची कुठं तेच कळेना. मग हळूहळू लोखंडी कपाट आलं, स्टीलची मांडणी आली, लोखंडी कॉट आली. गोदरेजनं लोखंडी कपाट 1923 ला आणलं म्हणतात, आमच्या गल्लीत ते सत्तर वर्षांनी, भूकंपानंतर आलं. कंपनी कुठलीही असो, आई त्याला 'गोदरेज'च म्हणते.

आधुनिक वास्तुकला म्हणजे सडपातळ भिंती, हे आम्ही हौसेनं घेतलं नाही. जिवाच्या भीतीनं घेतलं. आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी त्यानंतर स्लॅबखाली झोपायचंच सोडलं. बाजलं अंगणात टाकून झोपायचे, थंडीतही. त्या वर्षांत बाजल्याइतकी भरवशाची वस्तू आमच्या गावात दुसरी नव्हती.

उतरंड:

लामजनापाटी, चिमणी हातात घेतलेली तुमची आई डोळ्यासमोरून हलत नाही. नवीन घरात विटांच्या भिंतीत निदान एक कोनाडा ठेवता येतो, इंजिनिअरला विचारून, खांब-तुळई सोडून. आमच्या घरी देवाजवळ ठेवलाय.

पाणवठा:

सगळं वाचलं. मला जे लिहायचंय ते थोडं जड आहे, पण इथं सगळे मनापासून लिहितायत म्हणून लिहितो.

बाजल्याचं इतकं कौतुक झालं. माझा आज्जा नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावात स्वतःच्या दारातल्या बाजल्यावरही निवांत बसू शकत नव्हता. वरच्या आळीचा माणूस रस्त्यानं गेला की उठून उभं राहायचं, हा रिवाज. वाड्यावर गेला तर पायरीखाली, उकिडवा. खुर्ची हा शब्द आमच्याकडं सामानाचा नव्हताच, तो दुसऱ्याच्या हक्काचा होता. कोण कशावर बसतो यावरून गाव चालायचं. जमिनीवर कोण, सतरंजीवर कोण, गादी-लोडावर कोण.

आमच्या वस्तीत पहिल्या खुर्च्या आल्या त्या प्लॅस्टिकच्या. 14 एप्रिलच्या जयंतीसाठी वर्गणी काढून 50 घेतल्या. मी तेव्हा सातवीत. सगळ्या लाल, सगळ्या एकसारख्या, एकीलाही उंच पाठ नाही. आज्जा पहिल्या रांगेत बसला, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. बाजूच्या गावचे सरपंच आले, त्यांनाही तसलीच खुर्ची मिळाली, कारण दुसरी नव्हतीच. कार्यक्रम संपला तरी आज्जा उठला नाही.

हा धागा वाचून मी शोधलं. फ्रान्सच्या हेन्री मासोनेनं 1972 ला अशी एका तुकड्यात ओतलेली खुर्ची बाजारात आणली, दोन मिनिटांच्या आत एक तयार व्हायची. त्याआधी 1963 ला इंग्लंडच्या रॉबिन डेनं पॉलीप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची बैठक केली, एका साच्यातून आठवड्याला 4,000. डिझाइनची मंडळी या खुर्चीला स्वस्त नि कुरूप म्हणतात. परवडणारी, सगळ्यांना सारखी, यंत्रानं केलेली, नक्षी नसलेली. तुमच्या बाउहाउसवाल्यांनी मागितलं होतं ते हेच ना? ते कुणाच्या दारात पोचलं, तर आमच्या.

बाराखांबी:

पाणवठा दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच लिहिणं जमलं नाही.

मी बाजल्याची रचना पाहिली, त्यावर कोण बसू शकत होतं ते पाहिलं नाही. अंबाजोगाईच्या आमच्या ओसरीवरही कोण कुठं बसायचं ते ठरलेलं होतं, आणि ते बाजलं त्याच ओसरीवर होतं. हे मला माहीत होतं. लिहिताना मी ते बाहेर ठेवलं. मूळ लेखात मी म्हणालो की आधुनिक रचना फॅब्रिकेशनच्या दुकानातून आली. अण्णांसारख्या पगारदार मास्तराच्या घरी तशी आली. तुमच्या वस्तीत ती साच्यातून आली, आणि तिथं ती जास्त खरी ठरली.

चंदीगडचं उदाहरण यासंदर्भात फार बोलकं आहे. पन्नाशीच्या दशकात वास्तुकार पिएर जनरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात युली चौधरी ही भारतीय वास्तुकार बाईही होती, सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान-वेताच्या खुर्च्या आखल्या. उलट्या व्हीसारखे पाय. स्थानिक सुतारांनी हजारोंनी केल्या. नंतर त्या मोडक्या म्हणून गच्चीवर फेकल्या, भंगाराच्या भावानं विकल्या, आणि परदेशी लिलावात एकेक लाखोंत गेली. 2011 मध्ये केंद्रानं त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. कारकुनासाठी केलेली खुर्ची आज कुणा कारकुनाला परवडणार नाही. लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीचं असं कधी होणार नाही, आणि तो तिचा मोठेपणा आहे.

माझी एकच काळजी उरते, ती मोडीची. आपल्याकडच्या उन्हात चार-सहा उन्हाळे काढले की ते प्लॅस्टिक पांढुरकं पडतं, कडक होतं, आणि एक दिवस पाय फाटून माणूस खाली येतो. त्याला सांधता येत नाही, विणता येत नाही. खुर्ची सगळ्यांची असावी आणि दुरुस्तही व्हावी, यावर कुणी काम करत असेल तर मला त्यात पडायचंय.

पाणवठा:

दादा, तुम्ही वाचलंत, पुरे. दुरुस्तीचं मात्र होतं. आमच्याकडं फाटलेल्या पायाच्या दोन्ही बाजूंना गरम सळईनं भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवतात. त्या 50 पैकी 11 अजून समाजमंदिरात आहेत, निम्म्या शिवलेल्या. तुमच्या शिक्षणात कुणी हे शिवण बघितलं नसेल तर या बघायला.

बाराखांबी:

नक्की येतो. मापं घेईन, कुठं फाटतात त्याची नोंद करीन. सगळ्या एकाच जागी फाटत असतील तर साच्यातच तिथं जाडी वाढवता येते, हे मी माझ्या कामात सांगू शकतो.

दरम्यान इकडचं. खुर्ची विणून मिळाली. सरकारी कचेऱ्यांत वेताच्या खुर्च्या विणायचं काम पूर्वी बऱ्याच ठिकाणी अंध कारागीर करायचे. आमच्या इथं तसे एक निवृत्त काका आहेत, त्यांनी बोटांनीच पाइप चाचपून आधी गंजलेली जागा दाखवली, जी मला दिसली नव्हती. ती घासून, लाल प्रायमर मारून मगच विणायला घेतली. दीड दिवस लागला. बाजलं अडलंय. अंबाडीची दोरी कुणी वळत नाही, दुकानात नायलॉनचीच मिळते. ती लावू का?

रंधा:

नायलॉन नका लावू. ती घसरते, गाठ धरत नाही, आणि उन्हात तापते. आमच्या मामाच्या गावात एक म्हातारे अजून वाख काढून दोरी वळतात, अंबाडी नाही तर केकताडाची. पंधरा दिवस लागतील त्यांना. बाजल्याच्या दांड्यांची लांबी-रुंदी आतून आतून मोजून पाठवा, आणि कुठल्या पायाचं भोक मोठं झालंय तेही कळवा. मी येताना बाभळीच्या चिपा तासून आणतो. दोरी आली की रात्रभर भिजवा, ओलीच विणा, सावलीत वाळू द्या, आणि पहिले आठ दिवस रोज पायाकडून आवळा.

बाराखांबी:

आतून लांबी पाच फूट नऊ इंच, रुंदी दोन फूट अकरा इंच. डोक्याकडचा डावा पाय हलतो.